बाजू वाकवायचं मशीन

माझी बदली अकोल्याला झाली, त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. घर अमरावतीत आणि नोकरी अकोल्यात. सकाळी ऑटोनं बडनेरा स्टेशन गाठायचं, तिथून गाडी पकडायची आणि संध्याकाळी तेच उलट. आमच्याकडे याला अपडाउन म्हणतात. निम्मे सरकारी नोकर ते करतात, त्यामुळे त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मी जागा मिळाली की डोळे मिटायची आणि गाडी अकोल्यात शिरताना डबा उठून उभा राहिला की उघडायची. त्या काळातलं बरंचसं मला असं तुकड्यातुकड्यांनीच आठवतं.

नवरा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. तरुणपणी ते भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवत. एकदा टेम्पोतून पडून गिटार फुटली, ती त्यांनी स्वतः उघडून नीट केली आणि तिथून त्यांना आतल्या रचनेचं वेड लागलं. पुढे घराच्या मागच्या पडवीत ते गिटारी करायला लागले. वर्षाकाठी दोन-चार, त्याही सुट्ट्यांमध्ये. कॉलेजची पोरं घेऊन जात, गाण्याच्या पार्ट्या घेऊन जात. झटका आला तेव्हा निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि त्यानंतर पडवीत दिवसभर हेच करायचं असं ठरलेलं होतं.

झटका उजव्या बाजूचा होता. पाय काठीच्या आधारानं हळूहळू चालू लागला. हात मात्र खांद्यापासून जड राहिला, बोटं मुडपलेली, आणि तळव्याला काही लागलं तरी नीट कळायचं नाही. दुसरं गेलं ते बोलणं. म्हणजे त्यांना सगळं समजायचं, हो-नाही बरोबर असायचं, रोजची छोटी वाक्यं यायची. वस्तूंची नावं तेवढी हातातून निसटायची. चमचा हवा असला की ते चमच्याकडे बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, शब्द परत येतील, काही येणारही नाहीत, घाई करू नका. घाई करायला माझ्याकडे वेळच नव्हता. दिवसा त्यांच्याजवळ थांबायला माझी धाकटी नणंद हिवरखेडहून येऊन राहिली. तिचा नवरा वारलेला, मुलं आपापल्या शेतात. तिला अमरावती आवडायची नाही, पण भावासाठी राहिली.

गिटारची बाजू म्हणजे तिच्या पोटाभोवतीची लाकडाची पातळ पट्टी. ती सरळ कापलेली असते आणि तिला आठाच्या आकड्यासारखं वळण द्यावं लागतं. नवरा ते लोखंडी पाइपवर करायचे. पाइप शिकंज्यात आडवा आवळायचा, आतून गॅसच्या शेगडीची आच द्यायची आणि भिजवलेली पट्टी दोन्ही हातांनी त्यावर दाबत दाबत वळवायची. पुढे कित्येक महिने मी जिच्यामागे फिरले ती गोष्ट या पाइपनं सुरू झाली.

एका संध्याकाळी मी घरी आले तर नणंद किराणा आणायला गेलेली होती आणि पडवीतून जळका वास येत होता. ते पाइपसमोर उभे होते. पायाशी पट्टीचे दोन तुकडे पडलेले. उजव्या तळव्याची कातडी पांढरी पडून वर आली होती. पट्टी दाबून धरायला त्यांनी तो मुका हात कसाबसा तिच्यावर टेकवला होता, तो घसरून पाइपवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांना कळलंच नाही. मी शेगडी बंद केली, त्यांना ओढत नळाखाली नेलं आणि पाणी सोडलं. मी रडत होते आणि ते मान वळवून मागे पडलेल्या तुकड्यांकडे पाहत होते.

नणंद परत आली. तिनं हात पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा, तुले पडवीत जायचंच होतं तं मले सांगतलं असतं. म्या पकडली असती ना पट्टी."

तो पाइप मी माळ्यावर टाकला. त्यानंतर ते पडवीत जाऊन बसायचे, पण कशाला हात लावायचे नाहीत. जखम भरली. दिवस तसेच चालले होते. मग एका रविवारी मी कपडे वाळत घालत असताना ते काठी टेकत आले आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातला कुणी म्हातारा एका लाकडी खोक्यासारख्या यंत्रावर पट्टी ठेवून वरचं हँडल फिरवत होता. पट्टी आपोआप खाली दबून वळत होती.

"हे," ते म्हणाले. मग डावा हात वर करून म्हणाले, "एक हात."

मला त्यातलं सगळं कळलं. असल्या मशीनबद्दल त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पूर्वी सुचवलं होतं, तेव्हा त्यांनी ते उडवून लावलं होतं. लाकूड कधी ऐकतं आणि कधी अडतं हे हाताला समजायला हवं, मशीनला काय समजणार, असं ते म्हणाले होते. त्यांनी स्वतः ते मागावं यासाठी त्यांना आतून किती खाली उतरावं लागलं असेल याचा विचार मी ओले कपडे हातात घेऊन केला, आणि हो म्हटलं.

तो विद्यार्थी आता चांगला चाळिशी ओलांडलेला, बडनेरा रस्त्यावर त्याचा फर्निचरचा कारखाना आहे. सरांचं काम म्हटल्यावर तो त्याच दिवशी आला. प्लायवुडचा साचा आणि चौकट मी करून देतो, म्हणाला, पण बाकीचं सामान तुम्ही जमवा, मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. म्हणजे मी जमवायचं. नवऱ्याला दुकानात बोलता येत नव्हतं आणि नणंदेला गाव ठाऊक नव्हतं.

स्प्रिंगा पहिल्याच फेरीत मिळाल्या. पट्टीची दोन्ही टोकं खाली ओढून धरायला त्या लागतात. मोटरसायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा त्याला चालतात हे विद्यार्थ्यानंच सांगितलं आणि त्या कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात असतात. त्यामुळे मला वाटलं, महिन्याभरात सगळं होईल.

पुढे मात्र नवरा सांगायचे आणि आम्हाला कळायचं नाही. ते काही दिवस एकच शब्द म्हणत राहिले, "ऊन." सकाळी चहा घेताना ऊन, रात्री जेवताना ऊन. थंडीचे दिवस सुरू झाले होते. नणंदेनं त्यांची खुर्ची अंगणात उन्हात मांडली, अंगावर शाल टाकली. ते चिडले. दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची अजून पुढे सरकवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी काठीनं खुर्चीच आडवी केली. संध्याकाळी मी आले तेव्हा दोघंही एकमेकांशी अबोला धरून बसले होते. मी तो म्हाताऱ्याचा व्हिडिओ पुन्हा लावला, अगदी हळू चालवला, आणि खोक्याच्या आत पिवळा उजेड दिसला. आत बल्ब होते. त्यांची आच खालून लाकडाला लागत होती.

"बल्ब?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून हो म्हणून मान हलवली.

जुने, गरम होणारे, मोठ्या ताकदीचे बल्ब आता कुठे मिळतात हे मला माहीत नव्हतं. अमरावतीत जवाहर रोडवरची दुकानं झाली, अकोल्यात ऑफिस सुटल्यावर टिळक रोडची झाली. सगळीकडे एलईडी. दुकानदार विचारायचे, बाई, बिल वाचवायचं सोडून तुम्ही हे कशाला मागता. पहिल्या पहिल्यांदा मी सगळं सांगायची, नवरा, गिटार, झटका. नंतर नुसतं "लागतात" म्हणायला शिकले. एका दुकानात साधे लहान बल्ब मिळाले, त्यांना नवऱ्यानं हातही लावला नाही.

शेवटी ते ऑफिसातच मिळाले. आमच्याकडचा शिपाई बाळापूरचा. दुपारी डबा खाताना मी हे दुसऱ्या बाईंना सांगत होते, ते त्यानं ऐकलं. त्याच्या भावाचं कोंबड्यांचं शेड आहे. "बाई, दोनशेचे बल्ब पाह्यजे ना? थंडीत पिल्लाइले आमी तेच तं लावतो," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यानं ते तांदळाच्या तुसात घालून एका डब्यातून आणून दिले. मी घरी नेऊन नवऱ्यासमोर ठेवले. त्यांनी एक उचलून कानाशी हलवला, आतली तार वाजते का पाहिलं आणि या वेळी नकार दिला नाही.

पातळ पत्रा नणंदेनं ओळखला. लाकडाच्या वर-खाली पत्रा घालावा लागतो, नाहीतर वळताना पट्टीच्या शिरा उकलतात. मी कूलर बनवणाऱ्याकडून एक तुकडा आणला, तो फार जाड निघाला. नवरा उठून स्वयंपाकघरात गेले आणि धान्याच्या स्टीलच्या कोठीवर थापा मारू लागले. मला वाटलं त्यांना भूक लागली. नणंद म्हणाली, "वयनी, तो कोठीचा पत्रा मांगून राहिला." अकोल्यात जुन्या शहराकडे कोठ्या करणारे आहेत. तिथल्या एकानं उरलेल्या कापातून हव्या त्या रुंदीच्या लांब पट्ट्या काढून दिल्या आणि गुंडाळी करून तारेनं बांधली. ती गुंडाळी गाडीत माझ्या मांडीवर सारखी उलगडायला बघायची. समोरच्या माणसानं पाय जवळ घेतले आणि बडनेरा येईपर्यंत माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी साप घेऊन बसले आहे.

आणि मग तो स्क्रू. त्याच्यापायी जे झालं ते मी अजून विसरले नाही.

ऑफिसात भर कामाच्या वेळी नणंदेचा फोन आला. दादा सारखा डॉक्टर डॉक्टर करून राहिला, ती म्हणाली, आणि हात गोल गोल फिरवून राहिला, चक्कर येत असेल. मला दुसऱ्या झटक्याची भीती पहिल्या दिवसापासून होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मिळेल त्या एसटीनं उभ्यानं अमरावतीला आले, घरून त्यांना ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला. ते अगदी शांत होते, उलट खूश दिसत होते. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, बोटं दाबायला लावली, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं ठीक आहे म्हणाले.

नवऱ्यानं ते सगळं होऊ दिलं. मग काठी घेऊन उठले, तपासायच्या पलंगाजवळ गेले आणि तिथल्या फिरत्या स्टुलाची बैठक डाव्या हातानं गरागरा फिरवली. बैठक आट्यांवरून वर वर आली. खालचा जाड स्क्रू उघडा पडला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या मठ्ठ पोराकडे मास्तर बघतो तसं.

लाकूड गिटारच्या कमरेत, म्हणजे आठाच्या मधल्या खाचेत, दाबायला हँडलचा स्क्रू हवा होता, तो तिथे होता. डॉक्टर विचारत होते, काय म्हणतायत. मी काही नाही म्हटलं. ऑटोत बसल्यावर मात्र माझा तोल गेला. रजा गेली होती, पाय दुखत होते, वाटेत सगळा वेळ मी काय काय कल्पना करत आले होते.

"अहो, स्टूल म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

राजकमल चौकाच्या सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा ते म्हणाले, "सापडत नाई."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "दिसते. सापडत नाई."

मी त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. त्यांना ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

तसलं लोखंडी स्टूल आता कुणी करत नाही. अकोल्याच्या भंगाराच्या दुकानांतून मी कितीतरी संध्याकाळी फिरले. रोज एक गाडी सोडायची, म्हणजे घरी पोचायला उशीर, म्हणजे नणंदेचं तोंड वाकडं. एकानं अचलपूरला बघा म्हणून सांगितलं, तिथे रविवारी एसटीनं जाऊन रिकामी आले. शेवटी अकोल्यातच एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या दवाखान्याचं सामान आलं आणि त्यानं आठवण ठेवून फोन केला. स्टुलाचे पाय गंजून गेले होते, पण स्क्रू आणि त्याचं आट्यांचं घर शाबूत होतं. त्यानं पाय कापून टाकले, मधला भाग गोणपाटात गुंडाळून दिला आणि तेलपाणी करा म्हणाला.

त्या संध्याकाळी गाडीत बसायला जागा मिळाली. ते जड गोणपाट मी मांडीवर घेतलं आणि गाडी हलायच्या आत झोपले. जाग आली ती बडनेरा मागे पडल्यावर. चांदूरला उतरले. परतीची गाडी यायला वेळ होता. मी घरी फोन करून सांगितलं की गाडी उशिरा आहे, आणि प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर बसले. मला वाटलं होतं मी रडेन. पण रडू आलं नाही. इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, कुणाला औषध द्यायचं नव्हतं, कुणाचा शब्द शोधून द्यायचा नव्हता. चहावाल्याकडून चहा घेतला, तो गरम असतानाच संपवला. परतीची गाडी आली तेव्हा ती एवढ्यात कशाला आली असं मला वाटलं. हे मी घरी कधी बोलले नाही.

विद्यार्थ्यानं सगळं सामान नेलं आणि संक्रांतीनंतर मशीन जोडून पडवीत आणून ठेवलं. दिसायला ओबडधोबड होतं. अर्ध्या गिटारच्या आकाराचा साचा, आत बल्ब, वर लोखंडी चौकट आणि तिच्यात तो दवाखान्याचा स्क्रू. परतवाड्याहून आणून ठेवलेली शिवणीच्या लाकडाची पट्टी भिजत घातली होती. ती दोन पत्र्यांच्या मधे ठेवून बल्ब लावले. लाकडातून वाफ येऊ लागली तसा ओल्या शिवणीचा वास पडवीभर झाला. नवरा डाव्या हातानं स्क्रू फिरवू लागले. मध्येच कट्ट असा आवाज आला. पत्रा काढला तर पट्टी कमरेत आडवी तडकली होती.

विद्यार्थी म्हणाला की सर, आच कमी पडली, आपण उद्या करू. नवऱ्यानं नाही म्हणून मान हलवली आणि दुसरी पट्टी मागितली.

या वेळी त्यांनी स्क्रूला हात लावायची घाई केली नाही. पत्र्यावर डावा तळवा ठेवायचे आणि लगेच उचलायचे. नणंदेनं फडकं ओलं करून वरून फिरवलं. वाफ दाट झाली तेव्हा त्यांनी स्क्रू थोडा फिरवला आणि थांबले. पुन्हा थोडा. मला वाटतं ते ऐकत होते. एकदा मी पुढे होऊन हँडलला हात लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "थांब. कंबर अडून राहिली."

विद्यार्थ्यानं माझ्याकडे पाहिलं. कंबर हा शब्द त्यांनी झटक्यानंतर पहिल्यांदा उच्चारला होता. त्यांच्या मात्र ते लक्षातही आलं नाही, त्यांचं सगळं लक्ष लाकडात होतं. कंबर बसली, मग विद्यार्थ्यानं आणि मी दोन्ही टोकं खाली ओढून स्प्रिंगा अडकवल्या. बल्ब बंद करून तसंच थंड होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना नणंदेनं फोन करून सांगितलं, "निघाली. तडा नाई."

शब्द काही भराभरा परत आले नाहीत. कंबर आली तशी काही दिवसांनी पुन्हा हरवली. गिटारची मान तासणं, जोड बसवणं हे एका हाताचं काम नव्हतं, ते त्यांनी सोडूनच दिलं. ते बाजू वाकवतात. जोड्या करून पडवीत दोरीवर टांगून ठेवतात. विद्यार्थी येऊन घेऊन जातो आणि कारखान्यात बाकीची गिटार करतो.

पहिली पूर्ण झालेली गिटार त्यानं एका रविवारी आणली. सरांनी वाजवून बघावी म्हणून हौसेनं तारा चढवून आणली होती. नवऱ्यानं ती मांडीवर घेतली. डाव्या हातानं सूर धरले, बोटं बरोबर जागी पडली. उजवा हात तिथेच पडून होता. विद्यार्थ्यानं वाकून त्यांच्यासाठी तारा छेडल्या. आवाज भरदार आला. मी पोळ्या टाकून आले होते, हाताला पीठ, दारात उभी होते. मला वाटलं, आता यांचे डोळे भरतील.

त्यांनी भुवया आवळल्या, पुन्हा छेडायला लावलं आणि तारांखाली करंगळी सरकवून दाखवली. तारा फार उंच बसवल्या होत्या. विद्यार्थी म्हणाला, सर, चालेल, पोरांना अशाच लागतात. नवऱ्यानं नाही म्हणून मान हलवली आणि पडवीकडे बोट केलं. दोघं गिटार घेऊन तिकडे गेले. थोड्या वेळानं तारांखालचा टेकू घासणाऱ्या कानशीचा आवाज सुरू झाला, नणंदेनं चहाला किती दूध घालू म्हणून विचारलं, आणि मी उरलेल्या पोळ्या टाकायला आत गेले.